उन्हाळ्यात फॉर्म नसतो

जूनमधल्या एका रविवारी जेवता जेवता धाकट्यानं विषय काढला. "बाबा, जुलैत तुम्ही दोघं पुण्याला असाल ना, तेव्हा आपलं बेसमेंट आणि बॅकयार्ड वापरलं तर चालेल? चॅप्टरची पंचवीसेक मुलं येतील. बार्बेक्यू."

चॅप्टर म्हणजे त्याच्या फ्रॅटर्निटीची कॉलेजमधली शाखा. तो तिथला 'रिस्क मॅनेजर' आहे. वय वीस. अमेरिकेत ज्या वयात बिअरचा एक कॅनही विकत घेता येत नाही, त्या वयात शंभर जणांच्या पार्टीत दारू कशी सांभाळायची हे ठरवण्याचं काम त्याच्याकडे आहे. सेमिस्टर चालू असताना तो रात्री बसून लांबलचक फॉर्म भरताना मी पाहिला आहे : पाहुण्यांची यादी, दारावर कोण उभं राहणार, न पिणारे किती, शेवट किती वाजता. म्हणून मी सहज विचारलं, "फॉर्म भरलास?"

"समरमध्ये फॉर्म नसतो, बाबा. समरमध्ये आम्ही ऑफिशियली काही करतच नाही."

"ऑफिशियली करत नाही म्हणजे काय?" ताटात भात वाढत बायको म्हणाली. "मुलं तर तीच ना?"

तिच्या या प्रश्नाला त्या रात्री कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझं म्हणणं असं आहे की अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या सगळ्या व्यवस्थेकडेही त्याचं उत्तर नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ग्रीक अक्षरांची नावं घेणाऱ्या या विद्यार्थी-संघटना १७७६ पासून आहेत. मुलांच्या त्या फ्रॅटर्निटी, मुलींच्या त्या सोरोरिटी. राहायला स्वतःचं घर, आयुष्यभराचे 'ब्रदर्स', पुढे नोकरीला उपयोगी पडणाऱ्या ओळखी आणि शनिवारच्या पार्ट्या असं हे एकत्र गाठोडं. १९९०च्या दशकात भारतीय वंशाच्या मुलांनीही आपल्या वेगळ्या काढल्या. टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये डेल्टा एप्सिलॉन साय निघाली, तर त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये मुलींची डेल्टा फाय ओमेगा. त्यामुळे 'आपल्या मुलांचं तिथे काय काम' हा प्रश्न न्यू जर्सीच्या मराठी घरांत आता कोणी विचारत नाही. गणपतीत लेझीम खेळणारा मुलगा सप्टेंबरात जाकिटावर ग्रीक अक्षरं लावून येतो, एवढंच.

आता या 'रिस्क मॅनेजमेंट'ची गोष्ट. १९८४ साली रेगन सरकारनं कायदा केला : ज्या राज्यात दारूचं किमान वय २१ नसेल त्याचा हायवेचा निधी कापला जाईल. चार वर्षांत सगळी राज्यं वळणावर आली. म्हणजे कॉलेजातली बहुतेक मुलं एका फटक्यात दारूसाठी अल्पवयीन ठरली. पिणं मात्र थांबलं नाही. त्याच सुमाराला फ्रॅटर्निटींवर खटले वाढले आणि विमा कंपन्या हात झटकू लागल्या. मग १९८७ मध्ये बऱ्याच फ्रॅटर्निटींनी मिळून विमा घेण्यासाठी एक गट काढला, एफआयपीजी. आज चॅप्टरांत जी नियमावली पाठ केली जाते तिची मुळं तिथे आहेत. बॅरल किंवा बादलीभर पंच (फळांच्या रसात मिसळलेली दारू) अशी सामाईक दारू ठेवायची नाही. ज्यानं त्यानं आपापली बिअर आणायची, तीही मोजून. नाहीतर परवाना आणि दहा लाख डॉलरचा विमा असलेला व्यावसायिक विक्रेता बोलवायचा. पिण्याचे खेळ बंद. २०१९च्या सप्टेंबरपासून उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या फ्रॅटर्निटींनी १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची दारू आपल्या घरांत बंद केली. परवानाधारक विक्रेता देत असेल तेवढाच अपवाद.

नियम वाईट नाहीत. उलट, कोणी शहाण्या माणसानं बसून लिहिलेले वाटतात. पण ते ज्या गरजेतून आले ती गरज विम्याची होती, आणि ती त्यांच्या हाडात राहिली. नियम मोडून कोणी पार्टी केली आणि काही झालं, तर राष्ट्रीय संघटनेचा विमा त्या मुलाच्या मागे उभा राहीलच असं नाही. नियम मोडलेस ना, मग तू आमचा नव्हेस. दावा लावणारा वकील मग त्या मुलाच्या आईवडिलांच्या घराच्या विम्याकडे वळतो. ज्या आईवडिलांनी ती नियमावली कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते, त्यांच्याकडे! 'रिस्क' कोणाची मॅनेज होते आहे, हे एवढ्यावरून कळावं.

पेन स्टेट विद्यापीठातली २०१७ ची घटना इथल्या प्रत्येक पालकाला माहीत आहे. बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीचं घर कागदावर 'कोरडं' होतं, म्हणजे तिथे दारूला बंदी होती. घरभर कॅमेरे होते. नव्या मुलांना भराभर दारू पाजण्यात आली. त्यातला एकोणीस वर्षांचा टिमथी पियाझा रात्री तळघराच्या जिन्यावरून पडला. मुलांनी त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं. उताणा होऊन उलटीनं गुदमरू नये म्हणून त्याच्या पाठीला पुस्तकं भरलेलं दप्तर बांधलं. मदत बोलवू या म्हणणाऱ्या एका मुलाला इतरांनी बाजूला ढकललं. ९११ ला, म्हणजे आणीबाणीच्या मदतीच्या नंबरला, फोन गेला तो सुमारे बारा तासांनी. दुसऱ्या दिवशी तो मुलगा गेला. पुढे पेन्सिल्वेनियानं त्याच्या नावानं रॅगिंगविरोधी कायदा केला.

त्या दप्तराशी मी नेहमी अडखळतो. म्हणजे धोका त्यांना कळत होता! उताणं झोपवू नये हे कोणीतरी त्यांना शिकवलं होतं. बेशुद्ध माणसाच्या पोटातली दारू रक्तात चढतच राहते, 'झोपू दे, उतरेल' हे वाक्य म्हणूनच जीवघेणं आहे, एवढं मात्र शिकवलेलं नव्हतं. किंवा शिकवलेलं असेलही, पण फोन केला तर चॅप्टर बंद होईल ही भीती त्याहून पक्की बसली होती. ही भीती आकाशातून पडलेली नाही. जी व्यवस्था नियमभंगाची पहिली शिक्षा म्हणून संरक्षण काढून घेते, तीच ती निर्माण करते.

आणि हे सगळं फेब्रुवारीत, सेमिस्टर ऐन भरात असताना. तेव्हा निदान विद्यापीठात माणसं असतात, पार्ट्यांची नोंद होते, गावातल्या पोलिसांना त्या गल्ल्या पाठ असतात. मेच्या मध्यावर परीक्षा संपल्या की हे सगळं विरतं. फ्रॅटर्निटीशी संबंध ठेवणारे विद्यापीठाचे कर्मचारी पुढच्या वर्षाच्या तयारीत गुंततात. चॅप्टरच्या घरात अर्ध्या खोल्या उन्हाळ्यापुरत्या भाड्यानं दिलेल्या असतात, त्या भाडेकरूंना नियमावली म्हणजे काय हेही ठाऊक नसतं. दक्षिणेकडच्या विद्यापीठांत तर गंमत उलटीच आहे. तिथे 'समर रश' चालतो. मेमध्ये हायस्कूल संपवलेल्या अठरा वर्षांच्या मुलांना ऑगस्टच्या आधीच आपल्याकडे ओढण्यासाठी ह्यूस्टन-डॅलसमधल्या कोणाच्या घरी, ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर कोणाच्या बोटीवर पार्ट्या होतात. ही मुलं अजून त्या कॉलेजात बसलेलीही नसतात. त्यांच्या बाबतीत चॅप्टर म्हणणार, आमचा कार्यक्रम नव्हता. विद्यापीठ म्हणणार, आमचा विद्यार्थी नव्हता. दोघंही कागदोपत्री खरंच बोलत असतात.

सुटी लागली म्हणून धोका सुटीवर जात नाही, हे २०२० च्या जुलैत साऱ्या देशानं पाहिलं. वर्ग बंद, कॅम्पस ओस. तरी सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठाशेजारच्या फ्रॅटर्निटी-घरांत सुमारे हजार मुलं उन्हाळाभर राहत होती, आणि जुलैच्या सुरुवातीलाच त्यातल्या शंभराहून अधिक मुलांना कोविड झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आठवड्याभरात ४७ रुग्ण सापडले, त्यातले बरेचसे फ्रॅटर्निटी-सोरोरिटींच्या पार्ट्यांमधले. सिअ‍ॅटलची ती घरं विद्यापीठाच्या मालकीची नव्हती. विद्यापीठाला विनंती करण्यापलीकडे फारसं काही करता आलं नाही.

उन्हाळ्याचा धोका वेगळ्या जातीचाही असतो. सेमिस्टरमध्ये मुलं पार्टीहून चालत घरी जातात, उन्हाळ्यात ती उपनगरांत विखुरलेली असतात, म्हणजे गाडी आलीच. आणि पाणी. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत जीवघेण्या बोट-अपघातांचं सर्वांत मोठं ज्ञात कारण वर्षानुवर्षं दारू हेच आहे. भर उन्हात, हेलकावणाऱ्या बोटीवर दोन बिअरचा अंमल घरच्या सोफ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. हे चॅप्टरच्या फॉर्मात कुठेच नसतं, कारण फॉर्म घरातल्या पार्टीसाठी लिहिलेला आहे : दार एकच, दारावर माणूस. तळ्याला दार नसतं. कॅलिफोर्नियातल्या शास्ता तळ्यावर ओरेगन विद्यापीठाची मुलं मेमधल्या एका वीकेंडला जातात. २०१६ मध्ये ती मागे तंबू, कूलर आणि कचऱ्याचे ढीग टाकून आली तेव्हा मोठा बोभाटा झाला. बोभाटा कचऱ्याचा झाला, हे लक्षात घ्या.

आता आमच्या बेसमेंटकडे येतो, कारण हा भाग आपल्या लोकांच्या थेट अंगावर येणारा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन, पार्सिपनी, प्लेन्सबरो भागातल्या कितीतरी मराठी घरांची बेसमेंट मी पाहिली आहेत. एका भिंतीला बार, त्यावर प्रत्येक विमानतळावरून आणलेली एकेक सिंगल माल्ट, समोर टीव्ही, कोपऱ्यात हार्मोनियम. जुलैत आईवडील भारतात किंवा दर दोन वर्षांनी भरणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला. घराची किल्ली मुलाकडे. 'आमचा मुलगा तसा नाही' हे वाक्यही त्या किल्लीबरोबरच दिलेलं असतं.

न्यू जर्सीत २१ वर्षांखालच्या परक्या मुलाला दारू देणं गुन्हा आहे, आणि त्यानं प्यावी म्हणून आपली जागा जाणूनबुजून उपलब्ध करून देणंही. नुकसानभरपाईची जबाबदारी वेगळीच. या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्येच (तेच साल) एक निकाल दिला, जो देशभर गाजला. एका गृहस्थानं घरी आलेल्या स्नेह्याला स्कॉच पाजली, त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला, दोन शब्द बोलला, गाडी निघालेली पाहिली. थोड्या वेळानं स्नेही नीट पोचला का म्हणून त्याच्या घरी फोनही केला. तोवर त्या स्नेह्याची गाडी समोरच्या गाडीवर आदळून एक बाई जबर जखमी झाली होती. पाहुणा झिंगला आहे आणि तो गाडी चालवणार आहे हे माहीत असून पाजत राहणारा यजमानही भरपाईला जबाबदार, असं न्यायालयानं म्हटलं. पुढे विधिमंडळानं या जबाबदारीला मर्यादा आखून दिल्या, पण तत्त्व राहिलं.

हा निकाल वाचताना मला घाम फुटला, कारण तो यजमान म्हणजे आपण आहोत. दारापर्यंत सोडायला जाणं, गेटपाशी अर्धा तास गप्पा, 'पोचलास की फोन कर'. आपल्या आतिथ्याची सगळी लक्षणं त्यात आहेत, एक सोडून. आपण पाहुण्याच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेत नाही. ते वाईट दिसतं.

सोरोरिटींचं जरा वेगळं दुखणं आहे. राष्ट्रीय पातळीवरच्या जुन्या सोरोरिटींची घरं कधीपासून कोरडी आहेत. ऐकायला छान. त्याचा परिणाम असा की पार्टी नेहमी मुलांच्या घरी. दार त्यांचं, पेल्यात काय ओतायचं हे त्यांच्या हाती, कोणत्या खोलीला कडी आहे ते त्यांना ठाऊक, आणि मुलगी पाहुणी. सोरोरिटीनं आपल्या घरातला धोका कमी केला, आपल्या मुलींचा नाही. उन्हाळ्यात हे आणखी बिकट होतं : घर अनोळखी गावातलं, परतायची गाडी दुसऱ्याची, आणि सेमिस्टरमध्ये एकमेकींवर नजर ठेवणाऱ्या मैत्रिणी चार राज्यांत पांगलेल्या. माझी भाची एकदा म्हणाली होती की कॉलेजात तिला सुरक्षित वाटायचं ते नियमांमुळे नाही, तर बरोबरच्या तिघींमुळे. त्या तिघी जूनमध्ये नसतात.

या सगळ्यावर दोन सोपी उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं : बंदी घाला. फाय डेल्टा थीटा या मोठ्या फ्रॅटर्निटीनं २००० पासून आपली घरं कोरडी केली. मी त्याचा आदर करतो, पण २०१७ मध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठात नव्या मुलाला दारू पाजून जीव गेला तो याच फ्रॅटर्निटीच्या चॅप्टरमध्ये. बंदी घराला लागू होते, माणसाला नाही. दुसरं उत्तर : वय परत १८ करा, म्हणजे लपवाछपवी संपेल. २००८ मध्ये शंभराहून अधिक कॉलेज-अध्यक्षांनी २१ या वयाचा पुन्हा विचार व्हावा असं जाहीर निवेदन काढलं होतं. त्यात दम आहे असं मलाही वाटायचं. पण वय वाढल्यावर रस्त्यावरच्या अपघातांत तरुण पोरं कमी मरू लागली हे नाकारता येत नाही, आणि जिथे प्रत्येकाला गाडी चालवल्याशिवाय दूधही मिळत नाही त्या देशात मी हा जुगार खेळणार नाही. शिवाय महाराष्ट्रात कडक दारूचं वय २५ आहे. तिथली लपवाछपवी आणि इथली लपवाछपवी यांत मला गुणात्मक फरक दिसत नाही.

तिसराही एक आक्षेप आहे आणि तो जास्त प्रामाणिक आहे : वीस वर्षांचं मूल सज्ञान आहे, सुटीत ते मित्रांना घरी बोलावतं, यात कॉलेजचा आणि संघटनेचा काय संबंध? प्रत्येक बार्बेक्यूवर देखरेख हवी का? नको. माझ्या मुलाचे चार मित्र येऊन भेळ खाऊन गेले तर तो चॅप्टरचा कार्यक्रम नव्हे. पण चॅप्टरच्या ग्रुपवर निरोप जातो, चॅप्टरच्या वर्गणीतून मांस आणि बर्फ येतो, नवीन सदस्य व्हायला उत्सुक असलेल्यांना बोलावलं जातं, तेव्हा तो कार्यक्रम चॅप्टरचाच असतो, मग महिना कोणताही असो. हे ओळखायला वकील लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बायडन यांनी सही केलेल्या रॅगिंगविरोधी केंद्रीय कायद्यानं हा शहाणपणा दाखवला आहे : विद्यापीठानं मान्यता दिलेली असो वा नसो, विद्यार्थ्यांची संघटना ती संघटनाच, असं त्याची व्याख्या सांगते. रॅगिंगच्या बाबतीत जमलं ते पार्टीच्या बाबतीत का जमू नये?

म्हणून माझी मागणी बारा महिने चालणाऱ्या फॉर्मची आहे, आणि तो फॉर्म उलटा करण्याची. आज त्याच्या पहिल्या पानावर संघटनेला कशापासून वाचवायचं आहे ते असतं. तिथे मदत कशी बोलवायची ते असावं. बऱ्याच राज्यांत आता कायदाच सांगतो की दारूमुळे कोणी अत्यवस्थ झालं आणि मुलानं स्वतःहून ९११ ला फोन केला, तर अल्पवयात प्यायल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होणार नाही. राष्ट्रीय संघटनांनी हेच अभय चॅप्टरला आणि विम्याला लावावं : फोन केलात तर तुमचं संरक्षण जाणार नाही. फोन केला नाहीत तर जाईल. यानं विम्याचा हप्ता वाढेल हे मला मान्य आहे. वाढू दे. वर्गणी भरतो आम्हीच. आणि विसाव्या वर्षीच्या मुलाला 'रिस्क मॅनेजर' म्हणणं आधी थांबवा. आपल्याच मित्राला 'आता पुरे' सांगणं हे काम त्याला जमत नाही, कारण उद्या त्याला त्याच मित्राबरोबर राहायचं असतं. दारावर पगारी, बाहेरचा, चाळिशीतला माणूस लागतो. लग्नात आपण मांडववाल्याला पैसे देतोच की.

आमच्या घरी बरीच घासाघीस झाली. पंचवीसचे चौदा झाले, जुलैचा ऑगस्ट झाला, म्हणजे आम्ही परतल्यावर. सिंगल माल्ट बायकोनं आधीच गराजमध्ये कुलपात टाकल्या. गाडीनं येणाऱ्यांच्या किल्ल्या दारातल्या स्टीलच्या डब्यात, सकाळच्या पोह्यांनंतर परत, असं ठरलं. मुलगा वैतागला. "बाबा, असं केलं तर कोणी येणार नाही." चौदाच्या चौदा आले, आणि पोह्यांना आणखी दोघं.

त्याच्या आदल्या रात्री मी त्याला सेमिस्टरचा तो फॉर्म छापून भरायला लावला. न वाचता सही करणार नाही म्हटलं. शेवटच्या पानावर एक रकाना होता, आणीबाणीत प्रथम कोणाला फोन करायचा. तिथे चॅप्टरच्या सल्लागाराचा नंबर आधीच छापलेला होता, त्याखाली विमा कंपनीचा. ९११ तिसऱ्या ओळीत. मुलानं माझ्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि काहीही न बोलता वरच्या दोन ओळींवर काट मारली.